उलट्या बाजूनं बघणारी आजी

खानदेशातल्या आजीला हातानं केलेली वस्तू द्यायची, तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. ती वस्तू उलटी करून बघितली जाणार. पिशवी असेल तर आतून, रुमाल असेल तर मागून, टोपली असेल तर बुडाकडून. त्यात नातवंडाचं कौतुक कमी आहे असं नाही. कापूस वेचण्यापासून गोधडीपर्यंत आणि शेणानं अंगण सारवण्यापासून खापरावरच्या मांड्यापर्यंत सगळं जिच्या हातून गेलं, तिचे डोळे आपोआप कामाकडे जातात. टाका कुठं सुटला, गाठ कुठं उघडी राहिली, कड कुठं ओढली गेली, हे तिला विचारावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याच्या घरांमध्ये नातवंडं येतात, तेव्हा पिशवीत आजीसाठी काहीतरी असतं. चमकी लावलेलं भेटकार्ड, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, थर्माकोलच्या चौकटीतला फोटो. आजी ते प्रेमानं घेते, शेजारणीला दाखवते आणि कपाटाच्या काचेमागे ठेवते. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्यावरची धूळ पुसली जाते, एवढाच त्याचा वापर. पोराच्या मायेत काही खोट नसते. खोट असते ती आपण मोठ्यांनी पोरांच्या हाती दिलेल्या सामानात. ज्या मुलखात कापूस आहे, केळी आहे, बांबू आहे, हातकागदाचा आणि हस्तलिखितांचा इतिहास आहे, तिथल्या मुलांना आपण आजीसाठी थर्माकोल देतो. मला हे खुपतं.

घरातल्या वस्तूंची वाट पूर्वीपासून एकाच दिशेनं चालत आली आहे. आजीकडून खाली. बाळंतपणाला दुपटी, कुंची, अंगडं-टोपडं. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, पापड. सासरी जाताना गोधडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरणपोळी आणि आमरस होतो. लेकीबाळी परत निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर डबे आणि गाठोडीही निघतात. उलट्या दिशेनं, म्हणजे नातवंडाकडून आजीकडे, विकत घेतलेल्या लुगड्यापलीकडे फारसं काही जात नाही. त्यासाठी ठरलेली रीत नाही, म्हणून ती आपल्यालाच पाडावी लागेल. माझ्या मते तिचं सूत्र सरळ आहे: आजीला जे द्यायचं, ते तिच्याच ओळखीच्या सामानातून करावं आणि तिला वापरता यावं. म्हणजे ती ते तपासू शकेल, चुकलं तर सांगू शकेल आणि झिजलं तर दुरुस्त करू शकेल.

गोधडीपासूनच सुरुवात करू. खानदेशाच्या हवेत ती दोन टोकांना पुरते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा शेतं रिकामी असतात आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. बायका ओसरीवर गोधडी पसरून बसतात ती तेव्हा. आणि हिवाळ्यात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हीच गोधडी अंगावर येते. एका ऋतूत शिवायची, दुसऱ्या ऋतूत पांघरायची.

ती शिवायची रीत बघून बघूनच शिकायची असते. वर आणि खाली जुन्या सुती लुगड्याचा अखंड भाग, मध्ये धोतरं, सदरे, विरलेल्या चादरी. सगळं आधी धुऊन, वाळवून, हातानं झटकून पसरायचं. चार जणी चार बाजूंनी कपडा ताणून धरतात आणि कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना पकडतात, म्हणजे पुढं शिवताना आतली चिंधी सरकत नाही. मग कडेनं सुरू करून ओळीमागून ओळ धावदोरा घालत आत आत यायचं. दोन ओळींमध्ये साधारण बोटभर अंतर. दोरा दुहेरी. गाठ दिसता कामा नये, ती थरांच्या आत ढकलायची. म्हणून चांगली गोधडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि म्हणूनच आजी ती उलटून बघते. बंगालातल्या कांथेचंही मूळ हेच आहे: झिजलेल्या साड्यांचे थर आणि त्यांवर धावदोरा. एवढ्या दूरच्या बायका एकाच उत्तराला पोचल्या, कारण दोन्हीकडे कापूस होता आणि जुनं कापड टाकून देण्याची ऐपत नव्हती.

आजीसाठी शिवताना मात्र मोठ्या गोधडीचा मोह टाळावा. ओली झाली की ती एकट्या माणसाला पिळता येत नाही आणि म्हाताऱ्या हातांना दोरीवर टाकता येत नाही. देव्हाऱ्यापुढं, चुलीपुढं किंवा ओट्यावर बसायला एक बसकर शिवावं. हात-दीड हात चौरस, तीन थर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते सुट्टीत सहज पुरं करता येतं. त्याहून उत्साह असेल तर गुडघ्यांवर घ्यायची आखूड गोधडी करावी. हिवाळ्याच्या पहाटे तिचे गुडघेच आधी कुरकुर करतात.

कापड निवडताना घाई करू नये. आजीच्या अलीकडच्या साड्या बहुधा सिंथेटिक असतात. त्यांवर सुई घसरते, घाम जिरत नाही आणि थर एकमेकांवर बसत नाहीत. ट्रंकेच्या तळाशी असलेलं सुती पातळ शोधायचं, पण ते तिला विचारूनच फाडायचं. त्या पातळाची हकीकत तिच्याजवळ असते आणि फाडण्याआधी ती ऐकली जाते, हाही या कामाचाच भाग आहे. कडेला नवं कापड लावायचं असेल तर ते आधी दोनदा धुवावं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळी कड चुण्यांनी भरते. लाल कापडाचा रंग जातो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावं. या चुका आजीला शिवण बघताक्षणी दिसतात.

कापूस म्हटला की खानदेशाचा दीडशे वर्षांचा इतिहास वर येतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला. खानदेशाच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला मुंबईच्या बंदराची वाट मिळाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, पुढं अमळनेरला प्रताप मिल निघाली. आज मिलचे भोंगे वाजत नाहीत, पण वेचणी आजही ऐन दसरा-दिवाळीत येते. म्हणजे नातवंडं सुट्टीला येतात तेव्हा आजीच्या घराशेजारच्या शेतात बोंडं फुटलेली असतात.

याच कापसातून आजीसाठी करायची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे वाती. कार्तिक महिना वातींचा. पहाटेची काकडआरती, तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा. वर्षानुवर्षं आजीनं स्वतः वळलेल्या वातींवर देव्हारा चालला. आता संधिवातानं बोटं आखडलेली असतात, वात वळताना दुखतात, पण बाजारची वात लावायला मन घेत नाही. अशा वेळी नातवानं वातींचा डबा भरून दिला तर तो रोज उघडला जातो.

काम दिसतं त्याहून नाजूक आहे. बोंडातला कापूस काढून सरकी एक एक करून हातानं वेगळी करायची. पाला-काडी निवडायची. कापूस बोटांनी उकलून, मोकळा करून त्याचा सैल पदर करायचा. मग समईची लांब वात तळहातावर वळायची. बोट निसटत असेल तर चिमूटभर राख लावायची. जाडी सगळीकडं सारखी हवी. सैल वात भसाभस जळते, फार घट्ट वळली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत मिणमिणते. फुलवातीला खाली बुंधा आणि वर चिमटीत ओढलेलं टोक लागतं, ती तुपात भिजवून ठेवता येते. गेजवस्त्र म्हणजे कापसाची माळ: ठरावीक अंतरावर कापूस दाबून मणी काढायचे आणि त्यांवर कुंकवाची बोटं लावायची. पोरांना हे सगळ्यात आवडतं, कारण रंग लावायला मिळतो. पहिल्या वीस-पंचवीस वाती वाकड्याच होतात. त्या फेकू नयेत, अंगणातल्या पणत्यांना चालतात. एकसारख्या जमू लागल्या की मग आजीच्या डब्यात भराव्यात.

केळीच्या सोपटाबद्दल थोडक्यात सांगतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत घड कापल्यावर खोडं शेतात पडून राहतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण खोडाची किंमत अजून शेतकऱ्याच्या हिशेबात फारशी नाही. खोडाचे पदर सोडवून फळीवर बोथट सुरीनं खरवडले की गर निघून जातो आणि चमकदार, पिवळसर धागा उरतो. तो सावलीत वाळवायचा. त्याची वेणी घालून गोल गोल शिवत नेली की देवापुढचं आसन होतं किंवा गरम पातेल्याखाली ठेवायची चकती. गजरा ओवायला सोपटाचा दोरा हा तर आजीला लहानपणापासून ठाऊक असलेला प्रकार.

जे जवळ आहे त्यातूनच चांगलं करावं, या विचाराचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला होता. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की सजावट शहरातून आणलेल्या सामानानं करू नये, गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच करावी. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. बोस यांनी बांबू आणि तसल्याच साध्या, गावठी सामानातून टिळकनगर उभं केलं. देशातल्या एका थोर चित्रकाराला जे सामान पुरलं, ते नातवंडाच्या हस्तकलेला कमी का वाटावं? हा प्रश्न शाळांनी स्वतःला विचारावा असा आहे. फैजपूर तर त्यांच्या शेजारीच आहे.

वाचणाऱ्या आजीसाठी एक वेगळी भेट सुचते, पोथीचं बासन. पोथी गुंडाळायचा चौकोनी कपडा, एका कोपऱ्याला लांब बंद. शिवलीलामृत असो की नवनाथ भक्तिसार, रोज उघडलं-मिटलं जाणारं पुस्तक बासनात असलं की कोपरे दुमडत नाहीत. खणाचं किंवा जाड सुती कापड घ्यावं, कडा दुमडून तुरपाई करावी. तुरपाईचे टाके सुलट्या बाजूला दिसता कामा नयेत. ते मागून बघितलं जाईल, हे सांगायला नकोच. बंद मात्र भक्कम हवा, कारण सगळी झीज त्याच्यावरच येते.

बासनाची आठवण होते ती धुळ्यामुळे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जन्मभर गोळा केली आणि ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी तिथं संशोधन मंदिर उभं राहिलं. हाती लिहिलेल्या कागदाला कापडात बांधून पुढच्या पिढीकडे देणं हे या शहराचं जुनं काम आहे. एरंडोल आणि यावल ही गावं तर एके काळी हातकागदासाठी ओळखली जात. म्हणजे कागद करणारे, त्यावर लिहिणारे आणि तो बांधून ठेवणारे, तिन्ही हात याच टापूत होते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं तिथं येतो. आजीसाठी हातानं करायच्या साऱ्या वस्तूंमध्ये पहिली मी वही मानतो. कोरी नव्हे, भरलेली. तिच्या तोंडून ऐकून, आपल्या हातानं लिहिलेली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जळगावचंच आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याच्या महाजनांच्या घरात जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. घर आणि शेत यांच्या कामात, जात्यावर, त्या गाणी रचत गेल्या. ती गाणी कागदावर आली ती दोन माणसांच्या हातांमुळे: मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. महाराष्ट्राला बहिणाबाई कळल्या त्या तेव्हा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत आणि त्या बघताना कुणाचंही मन भरून यावं. तरी मला पुन्हा पुन्हा आठवतात ते लिहून घेणारे दोन हात. कारण जी गाणी त्या दोघांनी उतरवून घेतली नाहीत, ती हवेत विरली, आणि ती पुष्कळ होती.

दुसरं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं. १९३२ साली विनोबा तिथं दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला अठरावा अध्याय संपला. ऐकणाऱ्यांमध्ये साने गुरुजी होते आणि त्यांनी ते बोलणं लिहून घेतलं. ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक त्यातून आलं. गुरुजींचा हात या कामाला आधीच तयार झालेला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, हातानं लिहून, मुलांनी वाचावं म्हणून. एका माणसाचं बोलणं आणि दुसऱ्या माणसाचा हात यांतून मराठीतली दोन अनमोल पुस्तकं खानदेशानं दिली, आणि एकाही ठिकाणी लिहून घेणाऱ्यानं स्वतःचं नाव पुढं केलं नाही.

पुढं हेच काम हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी महाराष्ट्रभराच्या जात्यावरच्या ओव्यांसाठी केलं. गावागावांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. घराघरातली विजेची चक्की बघता, ते काम झालं नसतं तर त्यातल्या किती उरल्या असत्या?

तुमच्या आजीची वही एवढी मोठी नसेल. तिला मोठं होण्याची गरजही नाही. कागद जाड आणि बिनरेघांचा घ्यावा, मधोमध दुमडून आठ-आठ पानांचे जुडगे करावेत, घडीवर दाभणानं पाच भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवावेत. पुठ्ठ्याला तिच्याच जुन्या पातळाचं कापड चिकटवावं. अशी वही उघडली की सपाट राहते आणि मांडीवर ठेवून लिहिता येते.

लिहून घेण्यात मात्र कसब लागतं. ‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं म्हटलं की ती ‘माझं काय सांगायचं’ म्हणून उठून जाते. तिचे हात कामात असताना शेजारी बसावं. शेंगा फोडताना, कापसाच्या वाती वळताना, भरिताची वांगी भाजताना एकेक प्रश्न विचारावा. कानबाईच्या रोटांना गहू किती घेत, भुलाबाईची गाणी म्हणायला कुणाच्या घरी आधी जात, खाऊ ओळखताना कुणी फसवलं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. कुठं ती गुलाबाई असते, कुठं भुलाबाई, आणि गाणीही गल्लीगणिक बदलतात. ती छापील पुस्तकात शोधण्याआधी आजीला विचारावीत. आणि ती जशी बोलते तसंच लिहावं. लेवा असो, अहिराणी असो, तावडी असो, शाळेच्या मराठीत बदलू नये. सोपानदेवांनी आईची गाणी पुस्तकी मराठीत घासून गुळगुळीत केली असती तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं?

ज्या आजीला वाचता येत नाही तिला वही नुसती हातात देऊन भागत नाही. ती वाचून दाखवावी लागते. आणि वाचताना ती थांबवते. असं नव्हतं, तेव्हा तुझे पणजोबा घरात नव्हते, बैलाचं नाव दुसरं होतं, लग्न चैत्रात नाही, वैशाखात झालं. म्हणून लिहिताना उजवंच पान भरावं आणि डावं मोकळं ठेवावं. पहिल्या वाचनातल्या दुरुस्त्या तिथं येतात. आखाजीला ती पुन्हा वाचावी, तोवर मावश्या आणि आत्याही माहेरी आलेल्या असतात, प्रत्येकीची आठवण वेगळी निघते आणि डाव्या पानांवर जागा उरत नाही.